थंडीत अडकणारे गॅरेजचे शटर आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: घराच्या गॅरेजचे मोटारीचे शटर थंडीत बंद पडणे व वॉरंटी नाकारणे.

महोदय,

परभणीत आमच्या घराच्या गॅरेजला तुमच्या कंपनीचे मोटारीचे रोलिंग शटर गेल्या उन्हाळ्यात बसवले. दिवाळीपर्यंत काही तक्रार नव्हती. थंडी पडली आणि सकाळच्या वेळी ते अर्ध्यावर जाऊन थांबू लागले. मोटार घरघरते, पट्ट्या थरथरतात, पुढे काही सरकत नाही. दुपारी ऊन चढले की तेच शटर सुरळीत वर जाते. माझी पत्नी दवाखान्यात परिचारिका आहे. सकाळपाळी असली की तिला सातच्या आत पोहोचावे लागते आणि गाडी आत कोंडलेली असते.

तुमचा तंत्रज्ञ येऊन गेला. ‘थंडीनं लोखंड आकसतं, त्याला आपण काय करणार,’ एवढेच म्हणाला. नंतर कार्यालयाने कळवले की हवामानामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. हे मला मान्य नाही. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण 0.012 मिलिमीटर आकसते. पट्टी तीन मीटरची आहे. मे महिन्यातले 42 अंश आणि आताचे पहाटेचे 7 अंश धरले तरी फरक सव्वा मिलिमीटरचा. आणि आकसलेली पट्टी गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्या दोन बाजूच्या खाचांतून सरकते त्यांत, सैल होईल, अडकेल कशी?

खरे कारण गाईडमध्ये बोट घातले की कळते. बसवताना तुमच्या माणसांनी दोन्ही बाजूंना पिवळे ग्रीस थापून ठेवले. रस्त्यावरची धूळ त्यात बसत गेली. आता तिथे काळा, चिकट थर झाला आहे, तो नखाने खरवडावा लागतो. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होते, मोटारीवर भार येतो आणि ती बंद पडते. गाईड पुसून कोरडे ठेवायचे, सिलिकॉन स्प्रे मारायचा, ग्रीस फक्त बेअरिंग आणि चेनला लावायचे. हे काम तुमच्या माणसांना माहीत असायला हवे. खालच्या रबराचेही तेच. ते थंडीत कडक होते, फरशीवर दव असेल तर चिकटते, पण ते पुसून ठेवा असे आम्हाला कुणी सांगितले नाही.

एका गोष्टीचा मला फार राग आहे. तुमच्या ग्राहक सेवेने फोनवर सांगितले, ‘वरच्या शाफ्टचा बोल्ट ढिला करून स्प्रिंगचा ताण कमी करून बघा.’ त्या स्प्रिंगमध्ये शटरचे वजन तोलणारा ताण भरलेला असतो. बोल्ट सुटला तर हात जायबंदी होऊ शकतो. असे काम ग्राहकाला सांगणे हा निष्काळजीपणा आहे. तो सल्ला देणाऱ्यांना आधी समज द्या.

परभणीची थंडी अचानक आलेली आपत्ती नाही. कृषी विद्यापीठातले किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते आणि ते एक आकडी असणे इथे नेहमीचे आहे. इथे शटर विकायचे तर ते इथल्या जानेवारीतही चालले पाहिजे.

माझी मागणी अशी: जाणकार माणूस पाठवून गाईड साफ करावेत, मोटार, लिमिट (शटर वर-खाली कुठे थांबायचे ते ठरवणारी सेटिंग) आणि स्प्रिंग तपासावी, मोटारीला इजा झाली असेल तर ती वॉरंटीत बदलून द्यावी, आणि हिवाळ्यातील देखभालीची मराठी सूचनापत्रिका द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन.

बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड आणि गाईडचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
परभणी