पवनचक्क्या, कालवा आणि आप्पांचा घाट

अ‍ॅमस्टरडॅम
रविवार

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

काल इथल्या राइक्स म्युझियमच्या अभ्यासिकेत एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, बघून आले. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. माझं पेन दारातच राहिलं!

योहान बार्टोल्ड योंगकिंट हा चित्रकार. 1846 मध्ये तो पॅरिसला गेला, पण 1862 मध्ये तिथल्या कादार नावाच्या प्रकाशकाने त्याच्या सहा एचिंगचा संच काढला, तो सगळा हॉलंडचा. कालवे, पवनचक्क्या, नांगरलेल्या नावा. तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणाच्या थरात सुईने ओरखडे काढायचे, मग पत्रा आम्लात. छापताना सगळं उलटं येतं, सहीसुद्धा, म्हणून ती पत्र्यावर उलटी कोरावी लागते. पाणी म्हणाल तर चार-सहा तुटक रेघा, बाकी कोरा कागद. तुम्ही फळ्यावर खडूने नदी काढायचात ना, अगदी तशी.

त्या काळात इथे काय चाललं होतं बघा. 1830 मध्ये बेल्जियम फुटून निघाला, देश एवढासा उरला. मग चित्रकार रेम्ब्रांटच्या सतराव्या शतकाकडे बघून ‘आपण कोण’ हे ठरवणं सुरू झालं. 1852 च्या मे महिन्यात अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याचा पुतळा बसला, आणि त्याच उन्हाळ्यात हार्लेमचं अफाट तळं कोरडं झालं. ते उपसलं वाफेच्या तीन पंपांनी, पवनचक्क्यांनी नव्हे! तुम्ही आलात की उतराल तो स्खिपोल विमानतळ त्याच तळ्याच्या तळावर आहे.

योंगकिंटच्या जुन्या हॉलंडात मात्र पंपाला जागा नाही. लबाडी म्हणावी का? मला तरी वाटत नाही. पॅरिसच्या खोलीत बसून आठवलेला देश असाच असणार, आणि गिऱ्हाइकालाही पवनचक्कीच हवी असणार. पुढे 1885 मध्ये इथल्या तरुण चित्रकारांनी एचिंगसाठी क्लबच काढला. हे म्युझियमही त्याच साली उघडलं.

घरी येऊन वाईच्या घाटाचं ते माझं जुनं चित्र बाहेर काढून बघितलं, गेल्या दिवाळीत तुम्हाला फोटो पाठवला होता ना, तेच. पलीकडचा मोबाइलचा टॉवर मी त्यात घेतलेलाच नाही. तुम्हीही बोलला नाहीत.

आईला सांगा, मेतकूट संपलं. गुडघा कसा आहे ते खरं खरं कळवा.

तुमची,
धाकटी