मोहोळ साहेब, जो विमानात बसलाच नाही त्याचे कर त्याने मागायच्या आत परत मिळू देत

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री

नमस्कार साहेब. मंत्रालयात मराठीत लिहिलेलं थेट वाचू शकणारा माणूस आहे म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितेय. नॉन-रिफंडेबल तिकिटाचं भाडं बुडतं हे लोकांनी आता धरूनच ठेवलंय, पण त्याच तिकिटातले जे पैसे एअरलाइनचे नसतातच तेही बुडतात, त्याबद्दल बोलायचंय.

विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा नियम २०१६ पासून स्पष्ट आहे. तिकीट ऑफरमधलं असो नाहीतर नॉन-रिफंडेबल, कॅन्सल केलं किंवा माणूस पोचलाच नाही तरी सरकारी कर आणि यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरायचं शुल्क, परत द्यायचे, आणि रिफंड करायचे वेगळे पैसे लावायचे नाहीत. तिकीट एजंटकडून काढलं असेल तरी जबाबदारी एअरलाइनचीच. एवढा चांगला नियम, पण किती प्रवाशांना माहितीये? नवी मुंबई विमानतळ सुरू झाला तेव्हा तिथून देशात कुठेही जाणाऱ्याला ६२० रुपये यूडीएफ ठरला होता, चौघांचं कुटुंब धरा, जवळजवळ अडीच हजार झाले, आणि ज्यांनी विमानतळाची पायरीसुद्धा चढली नाही त्यांनी ते का भरायचे?

१९ ऑगस्ट २०२५ चा पाऊस आठवत असेल तुम्हाला. सीएसएमटी ते ठाणे मेन लाइन बंद, हार्बर बंद, चेंबूरला मोनोरेल माणसांसकट अडकली होती. माझा भाऊ आणि वहिनी डोंबिवलीहून नागपूरच्या विमानासाठी निघालेले, ठाण्याच्या पुढे लोकल जाईना, कॅब एकही यायला तयार नाही, शेवटी रिक्षाने पाण्यातून कसेबसे टर्मिनलला पोचले तोवर विमान गेलेलं. काउंटरवर उत्तर काय, तर नो शो आहे, नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही. कर परत मिळतात हे कुणी तोंडातून काढलं नाही. नंतर ज्या अ‍ॅपवरून तिकीट काढलं ते म्हणतात एअरलाइनला विचारा, एअरलाइन म्हणते अ‍ॅपवरूनच रिक्वेस्ट टाका, वहिनीने नियमाची प्रत जोडून मेलवर मेल केले तेव्हा कुठे ते पैसे आले. ज्याला इंग्रजीत मेल लिहिता येत नाही त्याने काय करायचं साहेब? आमच्या बिल्डिंगमधल्या आजी-आजोबांना हे जमणारच नाही.

कोण बसलं आणि कोण नाही हे एअरलाइनला विमानाचं दार बंद होताक्षणी कळतं. ज्या कार्डवरून पैसे घेतले त्याची नोंदही एअरलाइनकडे नाहीतर अ‍ॅपकडे असतेच. मग प्रवाशाने अर्ज का करायचा? कर आणि यूडीएफ आपोआप त्याच खात्यात जायला पाहिजेत, आणि क्रेडिट शेल, म्हणजे त्याच एअरलाइनच्या पुढच्या तिकिटात वापरायची जमा रक्कम, नको, पैसेच पाहिजेत.

दुसरं, कॅन्सलेशन चार्जवर डीजीसीएची मर्यादा आहे ती मूळ भाडं अधिक फ्युएल सरचार्ज, म्हणजे जवळपास सगळं तिकीटच. महिनाभर आधी कॅन्सल करणाऱ्याची सीट एअरलाइन आरामात परत विकते, तरी त्याचं सगळं भाडं कापायची मुभा आहे, याला मर्यादा कसं म्हणायचं? रेल्वेत आपण किती आधी रद्द करतो त्यावर कपात ठरते तसं इथेही व्हायला हवं. तारीख बदलायची म्हटलं तर चेंज फी वेगळी आणि भाड्यातला फरक वेगळा, बऱ्याचदा नवीन तिकीट स्वस्त पडतं.

एअरलाइन्सच्या व्यवहारात सरकार पडत नाही असं म्हणू नका प्लीज. डिसेंबर २०२५ मध्ये विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा तुमच्याच मंत्रालयाने भाड्याला कॅप लावली, ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, आणि ते बरोबरच केलं होतं.

मुंबईचा पाऊस जूनमध्ये सुरू होतो. निदान आपोआप रिफंडचं परिपत्रक तरी त्याच्या आधी काढा, आणि रेड अलर्टच्या दिवशी लोकल बंद पडली तर तारीख बदलायला पैसे घेऊ नयेत हेही त्यातच घाला, ही हात जोडून विनंती.

आपली,
डोंबिवलीची एक प्रवासी