खाडीची वाळू

आंजर्ले, १४ जून

प्रिय सुध्या,

गेल्या गणपतीपासून ना पत्र, ना फोन. चूक माझीच. आईची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठही बरी आहे. आता नीट वाच.

घरावर सोलर घ्यायचं ठरलं. तीन किलोवॉटला ७८,००० अनुदान मिळतं, बिलं तर तुला माहीतच आहेत. पण आई अडून बसली, गच्ची पॅनेलांना दिलीस तर माझी अबोली कुठे जाईल? मग वाटलं, दोन्ही एकत्रच करू. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. मे महिन्यात आमच्या गच्चीवर अनवाणी नाचलायस तू, तुला वेगळं काय सांगू! खाली ओली माती आणि हिरवळ असली की पॅनेलाखालची हवा जरा निवते, आणि पॅनेलाच्या सावलीत मातीही लवकर सुकत नाही. सड्यावर कातळावर बोटभर माती असते, तरी पावसाळ्यात तेरडा नि सोनकी कशी माजते! तेच गच्चीवर करायचं. झाडं बुटकीच हवीत, एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते.

मेअखेर इंजिनिअर आला. त्याने हिशोब मांडला. चार इंच लाल माती पावसात भिजली की चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो होते, आणि गच्चीवर माणसं वावरतील म्हणून धरतात तो भार दीडशेच. पॅनेल सांगाड्यासकट पंधरा-वीस किलो, त्यांची चिंता वजनाची नाही, वाऱ्याची. २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलंय. एवढं सांगून तो हातोडीने खालून स्लॅब ठोकत निघाला. माजघरात खणखणीत आवाज. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भद्द. जरा जोर लावला तर ताटाएवढा पोपडा चुलीजवळ पडला. आतली सळई मी नखाने खरवडली, तिचे पापुद्रेच हातात आले. बोटं विटकरी झाली.

"वाळू कुठली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, खाडीची.

वाळूतलं मीठ सळईला गंजवतं, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. खाऱ्या वाऱ्यानेही होतं म्हणाला तो. पण मग त्याच कोपऱ्यात का?

सुध्या, मे १९९६ आठव, याच स्लॅबचं काम चालू होतं. वाळूची शेवटची होडी रिकामी केली. स्लॅब घालणाऱ्या आबांनी बजावलं होतं, घमेलं न् घमेलं विहिरीच्या पाण्याने धुवा. आणि आपण कुर्ल्या धरायला पळालो. परत येऊन ढिगावर दोन बादल्या ओतल्या, ओला दिसावा म्हणून. "धुतली" असं तू म्हणालास, मी मान हलवली. (तू कितीही भांड, तोंड तुझंच होतं.) आणि स्लॅब शेवटी घातला तो स्वयंपाकघराच्या बाजूचा.

परवा आबा काठी टेकत पावसातून आले. पोपडा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. "माल कमी पडला असेल. माझंच लक्ष नव्हतं," म्हणाले. चहा तसाच राहिला. जाताना आईला म्हणाले, वहिनी, माफ करा. मी तिथेच उभा होतो रे, आणि गप्प राहिलो. तीस वर्षं गावात कुणाच्या स्लॅबला त्यांनी पाणी सुटू दिलं नाही.

आता कोपऱ्याला टेकू लावलेत, आई त्यांच्यामधून वाकून भाकऱ्या थापते. पावसाळ्यानंतर सळया घासून, झिजल्या तिथे नव्या जोडून दुरुस्ती होईल. सांगाड्याचे पाय चिऱ्याच्या भिंतींवर घेऊ. त्यालाही स्टेनलेसचेच नटबोल्ट, साधे इथे टिकत नाहीत. माती फक्त माजघरावर, दोनच इंच, काथ्याचा भुसा मिसळून हलकी केलेली. आईला अबोलीसाठी कठड्यालगत कुंड्या. सोलर थोडं लांबलं तरी चालेल.

आबांना मात्र सांगायलाच हवं. मी एकट्याने सांगितलं तर ते "पोरगा माझं मन राखतोय" म्हणतील, तू समोर असलास तरच पटेल. गणपतीची वाट बघू नकोस, जुलैत एखादा शनिवार काढ.

मुक्ताला दहावीच्या निकालाचे पेढे देणं बाकी आहे. बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

ठाण्याहून निघालास की फोन कर, दापोलीला गाडी घेऊन येतो. आधी माझ्याकडे उतर, मग दोघं मिळून आबांकडे जाऊ.

तुझा,
दिग्या