देवस्थानाचा मांडव, पक्षाची सभा : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
स.न.वि.वि.

धार्मिक संस्थेची जागा, निधी किंवा उत्सव राजकारणासाठी वापरायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. प्राप्तिकर खात्याकडे नोंदणी असल्यामुळे संस्थेला मिळणाऱ्या करमाफीपर्यंत मात्र ही बंदी पोचत नाही. प्राप्तिकराबाहेरचा असा एखादा कायदा मोडला म्हणून ही नोंदणी रद्द करायची, तर तो मोडल्याचा आदेश आधी निघावा लागतो आणि तो अंतिम किंवा निर्विवाद असावा लागतो. तोवर निवडणूक कधीच उरकलेली असते. शिवाय नोंदणी गेली की संस्थेच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारमूल्यावर कमाल दराने कर बसतो. एका सभेपायी गावच्या देवळाची जमीन करात जावी, असं आम्हालाही वाटत नाही.

पक्षाला रोकड दिली तर ती किर्दीत सापडते. मांडव, भोंगे, जनरेटर, महाप्रसाद हे सगळं 'उत्सव खर्च' खात्यात मुरतं. उत्सव चैत्रातला आणि मांडवाचं बिल कार्तिकातलं, ऐन प्रचाराच्या आठवड्यातलं, एवढ्यावरून फार तर शंका येते. फुकट दिलेल्या सभागृहाची तर नोंदच नसते.

म्हणून जागावापराची नोंदवही सक्तीची करा: तारीख, मागणारा, कारण, भाडं, पावती क्रमांक. लेखापरीक्षकाने ती व्हाउचरच्या तारखांशी ताडून राजकीय वापराची रक्कम अहवालात लिहावी; जागा फुकट दिली असेल तर चालू दराने भाडं धरावं. पुढच्या वित्त विधेयकात या रकमेवर ३० टक्के कर लावा. निनावी देणग्यांना हाच दर आहे. निव्वळ धार्मिक संस्थांचं गुप्तदान त्यातून वगळलंय, ते तसंच राहू द्या; पण पेटीत कोणी टाकलं हे विचारायचं नसेल, तर पैसा गेला कुठे हे तरी चोख दिसलं पाहिजे. आणि हा कर दानपेटीतून नको, परवानगी देणाऱ्या विश्वस्तांकडून वसूल व्हावा. नोंदणीला हात घालायचा तो वारंवार घडल्यावरच.

बोलण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. १९८८ च्या व्याख्येत 'राजकीय स्वरूपाचा कोणताही प्रश्न' येतो. ती ताणली, तर सप्ताहात कापसाच्या भावावर किंवा दारूबंदीवर बोलणारा कीर्तनकारही अडकेल. करापुरती रेषा एकच असावी: संस्थेच्या माइकवरून, लेटरहेडवर किंवा खर्चाने अमुक उमेदवाराला, पक्षाला मत द्या किंवा देऊ नका असं सांगणं. विश्वस्ताने घरच्या ओट्यावर काय बोलावं, हा त्याचा प्रश्न. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने हे परिपत्रकात उदाहरणांसह लिहून द्यावं, मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळ्यांना सारखंच, आणि आचारसंहिता लागण्याआधी.

आपले,
सार्वजनिक न्यासांचे काही लेखापरीक्षक