दवाखान्यातल्या दातांच्या खुर्चीसाठी पुन्हा एकदा आवाहन

स. न. वि. वि.

आपल्या मंडळाच्या रविवारच्या दवाखान्यातलं ईसीजीचं यंत्र गुरुजींनी दिलं, हे सर्वांना ठाऊक आहे. निवृत्तीच्या पैशांतून घराची कौलं बदलायची होती, ती तशीच राहिली आणि पहिला चेक मंडळाला आला. यंत्र लावलं त्या दिवशी पहिली पट्टी त्यांचीच काढली. ती अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. रेघा पार उडाल्या, पण काढवत नाही. मुंबईकर मंडळींनी बाकं आणि पंखे दिले. पोरांनी गणपतीत डीजे रद्द करून बीपीची दोन यंत्रं आणली. डेअरीवरच्या बायांनी डब्यात टाकलेल्या चिल्लरीतून औषधं येतात. आणि एसटीतून निवृत्त झालेले आपले दादा रात्री-अपरात्री स्वतःच्या जीपने पेशंट साताऱ्याला पोचवतात, डिझेलचं नाव काढत नाहीत.

हृदयासाठी गावाने हात कधी आखडला नाही. दातांसाठी मात्र आखडला. गेल्या वर्षी याच खुर्चीसाठी पत्रक काढलं, तेव्हा "दात पडले तर कवळी बसवू, त्याला वर्गणी कशाला?" असं पारावर बोललं गेलं. जमले अकराशे रुपये. मनाला लागलं, लपवत नाही.

म्हणून शिवणवर्गातल्या ताईची हकीकत तिला विचारून लिहिते. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, त्यातून पुढे हृदयाची झडप खराब झाली. ती पुण्यात बदलली. दोन वर्षांनी बारीक ताप सुरू झाला. टायफॉइड समजून तीन आठवडे गोळ्या चालल्या. अखेर रक्त तपासलं तर जंतू निघाले, आणि तेही एरवी आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतात तेच. डॉक्टरांच्या मते ते किडलेल्या दाढेतून रक्तात उतरले आणि नव्या झडपेवर जाऊन बसले. सहा आठवडे शिरेतून औषध घ्यावं लागलं. त्या दुखऱ्या दाढेवर लवंग दाबून धरून तिने वर्ष काढलं होतं, कारण दात दाखवायला साताऱ्याला जायचं म्हणजे एक रोज बुडतो.

गेल्या पत्रकात मी 'दात घासा, हार्ट अटॅक टाळा' असं ठोकून दिलं होतं. यंदा डॉक्टरांनी ते लाल पेनाने खोडलं. हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो हे खरं. पण हिरड्या बऱ्या केल्या की अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१२ साली तसंच सांगितलं होतं. तंबाखू आणि साखरेचा आजार दोन्हीकडे घाव घालतात, त्यामुळे कशाने काय झालं हे वेगळं काढणं अवघड. झडप बदललेल्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांनी दाढ काढण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. रक्त पातळ करणारी गोळीही परस्पर बंद करू नये.

आणि मिशरी! सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास कुठल्या आळीत येत नाही, सांगा. हिरड्या दुखतात म्हणून बोट फिरवायचं, आणि तिनेच हिरड्या दातांपासून सुटत जातात. (आमच्या सासूबाईंची डबी मी दोनदा लपवली. दोन्ही वेळा सापडली.)

दातांचे डॉक्टर महिन्यातून दोन रविवार विनामूल्य यायला तयार आहेत. खुर्ची, कॉम्प्रेसर, दात साफ करायचं यंत्र आणि हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह मिळून १,८०,००० रुपये, हाती ४२,०००. उरलेले २० सप्टेंबरपर्यंत हवेत, म्हणजे २९ तारखेच्या जागतिक हृदयदिनाला खुर्ची सुरू होईल. रोख, चेक वा दवाखान्याच्या दारावरचा क्यूआर. पावती रविवारी १० ते १, माझ्याकडेच. करसवलतीचा दाखला नूतनीकरणात आहे, विचारू नये. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन टाकायला प्लंबर हवा. मजुरीच दिली तरी देणगीदारांच्या फळ्यावर नाव लागेल.

आपली नम्र,
कार्यवाह

ता. क. गेल्या वर्षीचे अकराशे रुपये खुर्चीच्याच खात्यात आहेत, वरच्या ४२,००० मध्ये धरलेत.