अ‍ॅडम्स यांची बोळवण एका ओळीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेच्या सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षांवरचा लेख आवडला. मात्र जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना ‘एकाच मुदतीत पायउतार झालेले’ एवढ्यावर उडवून लावले, ते खटकले.

राष्ट्राध्यक्ष म्हणून ते फसले, हे खरेच. १८२४च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ आणि अ‍ॅडम्स यांना ८४ निर्वाचक मते होती. चार उमेदवारांत बहुमत कोणालाच नसल्याने निवड प्रतिनिधीगृहाकडे (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे) गेली, तिथे हेन्री क्ले यांच्या पाठिंब्याने अ‍ॅडम्स तरले आणि मग त्याच क्ले यांना परराष्ट्रमंत्री करून बसले! सौदेबाजीचा शिक्का बसायचा तो बसलाच. १८२८मध्ये जॅक्सन यांनी उट्टे काढले.

पण खरे अ‍ॅडम्स दिसतात ते त्यानंतर. घरच्यांना रुचले नव्हते, तरी १८३०मध्ये ते प्रतिनिधीगृहाची साधी निवडणूक लढले, जिंकले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. गुलामगिरीविरुद्ध येणारे लोकांचे अर्ज चर्चेविना बाजूला ठेवायचे, असा तोंडबंदीचा नियम सभागृहाने १८३६मध्ये केला होता. म्हातारा दर वेळी नवे अर्ज घेऊन उभा!

६ फेब्रुवारी १८३७ला त्यांनी सभागृहाच्या अध्यक्षांना साळसूदपणे विचारले, २२ गुलामांच्या नावाचा एक अर्ज माझ्याकडे आला आहे, तो नियमात बसतो का? दक्षिणेकडचे सदस्य खवळले. यांच्यावर ठपक्याचा ठराव आणा, अर्ज जाळा, असा गदारोळ उठला. सगळ्यांचे ओरडून झाल्यावर अ‍ॅडम्स यांनी सांगितले की, अर्जात मागणी आहे ती गुलामगिरी रद्द करू नका अशी! वरवर खोडी, पण प्रश्न गंभीर होता : गुलामाला अर्ज करण्याचा हक्क आहे की नाही? तो नियम शेवटी ३ डिसेंबर १८४४ला रद्द झाला, तोही त्यांच्याच ठरावाने.

मध्यंतरी १८४१मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, ‘अ‍ॅमिस्टॅड’ जहाजावरून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकी बंदींची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली. बंदी सुटले. २१ फेब्रुवारी १८४८ला सभागृहातच ते कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत गेले. रोजनिशी लिहायला बाराव्या वर्षी बसलेला हा माणूस त्या वर्षापर्यंत लिहीतच होता.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘राष्ट्राध्यक्षपदी असताना’ असे छापले आहे. अ‍ॅडम्स १८२९मध्ये पदावरून उतरले आणि डगेरोटाइप या सुरुवातीच्या छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले १८३९मध्ये. छापलेले चित्र १८४३चे आहे. त्यात खुर्चीत बसलेत ते मॅसॅच्युसेट्सचे एक प्रतिनिधी, वय ७५.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, मिरज