सूचना : रविवारची पुस्तकचर्चा

सर्व सभासदांस नमस्कार. येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता टिळकवाडीत, नेहमीच्या जागी चर्चा आहे. 'कोसला' (१९६३) कुणी डोक्यावर घेतली, कुणी अर्ध्यात मिटली, दोघांनीही यावे. मागच्या खेपेला एवढ्याशा 'रणांगण'नेच (१९३९) सगळा वेळ खाल्ला, म्हणून या वेळी सुरुवात 'पर्व'पासून. भैरप्पांचे मूळ कन्नड वाचलेले आपल्यात आहेत, उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद वाचलेलेही. त्यांची जुंपू द्या, ऐकायला मजा येते! नुसते 'बरं आहे' चालणार नाही. कुठे अडलात ते पान सांगा. खानापूर-निपाणीकरांच्या बससाठी साडेसातला उठू. घरी नेलेली पुस्तके आणावीत. 'बनगरवाडी'साठी तिघे थांबलेत.